बृहदांत्राचा कर्करोग व आहारातील वनस्पतिज संयुगे : संशोधनाचा इतिहास

धान्ये, भाज्या, फळे, मसाले व चहा यांसारख्या वनस्पतिज पदार्थांत पोषक घटकांखेरीज इतर अनेक रासायनिक संयुगे असतात. हळदीतील कर्क्युमीन, कोबी-मोहरी वर्गातील भाज्यांपासून मिळणारे सल्फोराफेन व इंडॉले, कांद्यातील क्वेर्सेटीन, हिरव्या चहातील कॅटेचिने, द्राक्षांतील रेझ्‌व्हेराट्रॉल ही त्यांची काही उदाहरणे होत. ही संयुगे जगण्यास अत्यावश्यक नसली, तरी कोशिकांच्या (पेशींच्या) वाढीचे व मृत्यूचे नियमन करणाऱ्या यंत्रणांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) कर्करोगाच्या संदर्भात या परिणामाचा अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि तो अद्याप चालू आहे. २०२२ मध्ये जगात बृहदांत्र व गुदांत्र यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण व सुमारे ९ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज होता; त्यामुळे आहाराने हा रोग टाळता येईल काय, या प्रश्नाला केवळ शास्त्रीय नव्हे, तर सामाजिक महत्त्वही आहे. या संशोधनाचा इतिहास मुख्यतः एका अंतराचा इतिहास आहे : काचपात्रातील कोशिकांवर निश्चितपणे दिसणारा परिणाम आणि माणसाच्या आतड्यात प्रत्यक्ष मिळणारे संरक्षण यांमधील हे अंतर होय.

पार्श्वभूमी : आहार व बृहदांत्राचा कर्करोग यांच्या संबंधाची पहिली सूचना प्रयोगशाळेतून नव्हे, तर रोगाच्या भौगोलिक वाटणीतून मिळाली. उत्तर अमेरिका व पश्चिम युरोप येथे हा रोग विपुल, तर आफ्रिका व आशियातील बऱ्याच प्रदेशांत तो विरळ असल्याचे विसाव्या शतकाच्या मध्यास दिसून आले. १९६८ मध्ये विल्यम हॅन्सेल व मिनोरू कुरिहारा यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी जपानी लोकांत त्या काळी विरळ असलेला हा रोग स्थलांतरितांमध्ये यजमान देशाच्या प्रमाणाकडे झुकत होता. वंश तोच राहून रोगाचे प्रमाण बदलते, त्या अर्थी त्याचे कारण मोठ्या अंशी परिस्थितीत, विशेषतः आहारात, असले पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघाला.

युगांडात अनेक वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम केलेले डेनिस बर्किट (१९११–९३) यांनी १९७१ मध्ये याच धर्तीवर तंतुसिद्धांत मांडला. आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील भरड, तंतुमय आहारामुळे मलाचे आकारमान वाढते, तो आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि त्यामुळे हानिकारक द्रव्यांचा श्लेष्मकलेशी (आतड्याच्या बुळबुळीत अस्तराशी) होणारा संपर्क कमी होतो, असे त्यांचे मत होते. १९८१ मध्ये रिचर्ड डॉल व रिचर्ड पीटो यांनी अमेरिकेतील कर्करोगजन्य मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यूंचा संबंध आहाराशी जोडला. मात्र हा अंदाज १० ते ७० टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकेल, असेही त्यांनी नमूद केले होते. पुढील काळात पहिला आकडा सर्वत्र उद्‌धृत झाला, त्याला जोडलेली मर्यादा बहुधा विस्मरणात गेली.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीच्या माहितीतूनही हे दिसून आले. रोजच्या स्वयंपाकातील हळदीमुळे हे संरक्षण मिळते, असे अनुमान पुढे अनेकांनी काढले. परंतु दोन समाजांत हळदीखेरीज मांसाहार, मद्यपान, शरीराचे वजन, श्रम व आयुर्मान यांबाबतही फरक असतात. त्यामुळे अशा तुलनेतून एका घटकाला श्रेय देता येत नाही.

रासायनिक प्रतिबंधाची कल्पना : वनस्पतीतील विशिष्ट संयुगे कर्करोगास प्रतिबंध करू शकतील, ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे ली वॉटनबर्ग यांनी रूढ केली. १९६६ मध्ये त्यांनी रसायनांद्वारे कर्करोग टाळण्याविषयीच्या माहितीचा आढावा घेतला आणि १९७८ मध्ये कोबी वर्गातील भाज्यांत आढळणारी इंडॉले प्राण्यांतील प्रायोगिक अर्बुदांना (गाठींना) आळा घालतात, असे दाखविले. १९७६ मध्ये मायकेल स्पोर्न यांनी अ जीवनसत्त्वाशी संबंधित रेटिनॉइड संयुगांच्या संदर्भात ‘रसायनप्रतिबंध’ या अर्थाची संज्ञा प्रचारात आणली. १९८५ मध्ये वॉटनबर्ग यांनी अशा द्रव्यांचे दोन मुख्य वर्ग केले : कर्कजनक द्रव्य कोशिकेतील लक्ष्यापर्यंत पोहोचू न देणारी ‘अवरोधक’ द्रव्ये आणि विकृती सुरू झाल्यावर तिची वाढ दडपणारी ‘दमनकारी’ द्रव्ये. दुसऱ्या वर्गातील द्रव्ये नेमके काय करतात, हे सांगण्यासाठी कोशिकेतील संकेतनाचे ज्ञान आवश्यक होते व ते त्या वेळी अपुरे होते.

वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र या क्षेत्रात आरंभापासूनच म्हणता येत नव्हते. ग्वॉम बेटावर सायकस वनस्पतीच्या बियांचे पीठ दीर्घकाळ भिजवून व धुऊन खाण्यात येई. न धुतलेल्या पिठामुळे उंदरांत अर्बुदे होतात, असे गर्ट लाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले. त्यातील सायकॅसीन या संयुगाचे आतड्यातील सूक्ष्मजंतूंमुळे विघटन होऊन कर्कजनक द्रव्य मुक्त होते. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना ते बाधत नाही. पुढे याच गटातील ॲझॉक्सिमिथेन हे रसायन प्राण्यांच्या बृहदांत्रात कर्करोग निर्माण करण्यासाठी सर्रास वापरले जाऊ लागले. म्हणजे संरक्षक संयुगांची परीक्षा ज्या रोगावर घेण्यात आली, तो प्रायोगिक रोगही वनस्पतिज विषाच्या अभ्यासातूनच साध्य झालेला होता. क्वेर्सेटिनाची कथाही अशीच आहे. १९७७ मध्ये ते सूक्ष्मजंतूंत उत्परिवर्तन (आनुवंशिक द्रव्यातील बदल) घडविते असे आढळल्याने संशयास्पद ठरले. १९९१ मध्ये मात्र ते उंदरांच्या बृहदांत्रातील विकृतींना आळा घालते, असे वृत्त प्रसिद्ध झाले. एकाच संयुगाचे गुणधर्म मात्रा, प्राणी व परीक्षापद्धती यांनुसार बदलतात, हे यावरून स्पष्ट होते.

संकेतन यंत्रणेचा शोध : बृहदांत्राच्या श्लेष्मकलेत असंख्य सूक्ष्म खाचा (कूपिका) असतात. खाचेच्या तळाशी मूलकोशिका विभागत राहतात. त्यांच्या संतती-कोशिका वर सरकत प्रौढ होतात व सुमारे चार-पाच दिवसांत गळून पडतात. केव्हा विभागायचे व केव्हा थांबायचे हे ठरविणाऱ्या रासायनिक निरोपांच्या साखळ्यांना संकेतन मार्ग म्हणतात. या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) सर्वांत महत्त्वाचा असलेला मार्ग ‘डब्ल्यूएनटी’ या नावाने ओळखला जातो. त्यातील पहिले जनुक रोएल नुसे व हॅरल्ड व्हार्मस यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या स्तनार्बुदांच्या अभ्यासातून शोधून काढले.

१९९० मध्ये एरिक फीअरॉन व बर्ट व्होगेलस्टाइन यांनी बृहदांत्राचा कर्करोग टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्परिवर्तनांच्या संचयातून उद्‌भवतो, अशी उपपत्ती मांडली. प्रथम श्लेष्मकलेवर सौम्य ग्रंथ्यर्बुद (ग्रंथींच्या कोशिकांची गाठ) होते व अनेक वर्षांनी त्याचे मारक अर्बुदात रूपांतर होते. १९९१ मध्ये ‘एपीसी’ हे जनुक ओळखण्यात आले. निरोगी कोशिकेत एपीसी प्रथिन हे बीटा-कॅटेनिन या दुसऱ्या प्रथिनाचा नाश घडवून आणण्यास मदत करते. एपीसी निकामी झाल्यास बीटा-कॅटेनिन साठत जाते, केंद्रकात शिरते व विभाजनास उत्तेजन देणारी जनुके चालू ठेवते. परिणामी बाहेरून कोणताही निरोप नसताना कोशिका विभागत राहते. हे कार्य १९९३ ते १९९७ या काळात उलगडले. बृहदांत्राच्या कर्करोगांपैकी सुमारे ८० टक्क्यांत एपीसीचे उत्परिवर्तन आढळते. ज्यांना हा दोष जन्मतःच मिळतो, त्यांच्या बृहदांत्रात तरुणपणीच शेकडो पुर्वंगके (पॉलिप) उत्पन्न होतात.

याच सुमारास शोथाशी (दाहयुक्त सुजेशी) संबंधित दोन घटकांकडे लक्ष गेले. रंजन सेन व डेव्हिड बॉल्टिमोर यांनी १९८६ मध्ये वर्णन केलेला एनएफ-कप्पा-बी हा घटक कोशिकेला मृत्यूपासून वाचविणारी व शोथ वाढविणारी अनेक जनुके चालू करतो. त्यांपैकी एका जनुकापासून कॉक्स-२ हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविणारे प्रथिन) बनते. बृहदांत्राच्या बहुतेक कर्करोगांत त्याचे प्रमाण वाढलेले असते, असे १९९४ मध्ये दाखविण्यात आले. ॲस्पिरीन नियमित घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळतो, हे १९८८ मध्ये मेलबर्न येथील पाहणीत दिसले होते. त्याचा अर्थ आता काहीसा लागू लागला. ॲस्पिरिनाचे मूळ वाळुंज (विलो) वृक्षाच्या सालीतील सॅलिसिनात असल्याने अन्नातील संयुगांविषयीच्या आशेलाही बळ मिळाले. [→ कर्करोग].

कर्क्युमीन : या संशोधनात सर्वाधिक अभ्यास झालेले संयुग कर्क्युमीन होय. हळदीतील हे पिवळे रंगद्रव्य १८१५ मध्ये फोगेल व पेल्त्ये यांनी वेगळे केले. त्याची संरचना १९१० मध्ये मिलोबेंड्झ्का, कोस्टानेकी व लांपे यांनी निश्चित केली. हळदीच्या संभाव्य कर्करोगविरोधी गुणधर्माविषयीचे एक प्रारंभिक संशोधन १९८५ मध्ये रामदासन कुट्टन व सहकारी यांनी केरळातून प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हळदीमुळे उंदरांतील जठराची व त्वचेची रसायनजन्य अर्बुदे कमी होतात, असे दाखविले. १९९५ मध्ये चिंतलपती राव, बंदारू रेड्डी व सहकारी यांना अमेरिकेत असाच परिणाम ॲझॉक्सिमिथेन दिलेल्या उंदरांच्या बृहदांत्रात आढळला. एपीसी जनुकात दोष असलेल्या ‘मिन’ जातीच्या उंदरांत आहारातील कर्क्युमिनामुळे आतड्यातील अर्बुदे सुमारे ६३ टक्क्यांनी घटली, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र या उंदरांत अर्बुदे मुख्यतः लहान आतड्यात होतात, ही या प्रयोगाची मर्यादा होती.

परिणामाची यंत्रणाही उलगडू लागली. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात १९९९ मध्ये मानवी बृहदांत्राच्या कोशिकांवर केलेल्या प्रयोगांत कर्क्युमीन हे एनएफ-कप्पा-बीला मोकळे करणाऱ्या एंझाइमांच्या साखळीतच अडथळा आणते व त्यामुळे कॉक्स-२ची निर्मिती घटते, असे आढळले. २००२ मध्ये त्याचा बीटा-कॅटेनिनच्या कार्यावरील परिणाम नोंदविण्यात आला. अशा कोशिकांची वाढ थांबून त्यांचा नियोजित मृत्यू होत होता. कर्करोगाच्या दोन्ही प्रमुख मार्गांवर एकच स्वस्त व परिचित मसाला काम करतो, असे या निष्कर्षांवरून वाटू लागले.

तथापि या प्रयोगांत वापरलेली संहती (द्रावणातील प्रमाण) सामान्यतः लिटरमागे ५ ते ५० मायक्रोमोल होती. तोंडाने घेतलेले कर्क्युमीन फारसे शोषले जात नाही, हे १९७८ मध्येच स्वीडनमध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते; त्याचा सुमारे ७५ टक्के भाग मलावाटे बाहेर पडला. लेस्टर येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बृहदांत्राच्या प्रगत कर्करोगाच्या १५ रुग्णांना कर्क्युमीन देण्यात आले. दररोज ३·६ ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तद्रवात लिटरमागे केवळ ११ नॅनोमोल, म्हणजे काचपात्रातील प्रमाणाच्या शतांशापेक्षाही बरेच कमी, कर्क्युमीन आढळले. हळदीत कर्क्युमीन सुमारे तीन टक्के धरल्यास ३·६ ग्रॅमसाठी रोज १२० ग्रॅम हळद खावी लागेल. कोणत्याही पाकपद्धतीत इतकी हळद नसते.

बृहदांत्राचे वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. जे शोषले जात नाही ते आतड्याच्या पोकळीतून थेट श्लेष्मकलेपर्यंत पोहोचते. २००५ मध्ये लेस्टर येथेच शस्त्रक्रियेपूर्वी सात दिवस कर्क्युमीन घेतलेल्या रुग्णांच्या बृहदांत्राच्या ऊतकाचे परीक्षण झाले. दररोज ३·६ ग्रॅम घेणाऱ्यांच्या ऊतकात ग्रॅममागे सुमारे १० नॅनोमोल, म्हणजे काचपात्रातील प्रयोगांशी तुल्य, प्रमाण आढळले. ऑक्सिडीकरणामुळे डीएनएला होणाऱ्या इजेची एक खूण या रुग्णांच्या अर्बुदात कमी झाली होती. कॉक्स-२च्या प्रमाणात मात्र फरक पडला नव्हता. म्हणजे संयुग योग्य ठिकाणी पोहोचले, तरी अपेक्षित संकेत बदललाच असे नाही.

निर्णायक कसोटी आनुवंशिक पुर्वंगकांच्या रुग्णांत झाली. २००६ मध्ये मार्सिया क्रूझ-कोरेआ व सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांना कर्क्युमीन व क्वेर्सेटीन एकत्र दिले असता पुर्वंगकांची संख्या सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी व आकारमान सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. या चाचणीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. याच संशोधकांनी २०१८ मध्ये ४४ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला बारा महिने दररोज ३ ग्रॅम कर्क्युमीन व दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रुग्ण व वैद्य या दोघांनाही ठाऊक नव्हते. पुर्वंगकांची संख्या वा आकारमान यांबाबत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वतःच्या आशादायक निष्कर्षाची अधिक कठोर परीक्षा घेऊन प्रतिकूल उत्तरही प्रसिद्ध करणे हे या संशोधनाचे विशेष मोल होय.

कोबी वर्गातील संयुगे : कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, ब्रोकोली या वनस्पतींत ग्लुकोसिनोलेटे असतात. भाजी चिरताना किंवा चावताना कोशिका फुटून मायरोसिनेज हे एंझाइम त्यांच्याशी मिसळते व तिखट चवीची संयुगे तयार होतात. भाजी फार शिजविल्यास हे एंझाइम निष्क्रिय होते. त्यानंतरचे रूपांतर काही अंशी आतड्यातील सूक्ष्मजंतू करतात. १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठात पॉल टॅलले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीपासून सल्फोराफेन वेगळे केले. विषारी द्रव्ये निष्प्रभ करणाऱ्या एंझाइमांची निर्मिती त्यामुळे वाढते. जपानमधील मासायुकी यामामोटो व सहकाऱ्यांनी १९९७–९९ या काळात त्यामागील यंत्रणा दाखविली : कीप-१ हे प्रथिन एरवी एनआरएफ-२ या घटकाला अडवून ठेवते; सल्फोराफेनसारखी द्रव्ये कीप-१शी संयोग पावली की, एनआरएफ-२ सुटून संरक्षक जनुके चालू करतो. पुढे असेही आढळले की, काही प्रस्थापित कर्करोगांत एनआरएफ-२ सततच चालू असतो व तो अर्बुदकोशिकांचेही रक्षण करतो. निरोगी कोशिकेला उपकारक असलेला संकेत रोगी कोशिकेलाही उपकारक ठरू शकतो. म्हणून प्रतिबंधासाठीचे द्रव्य हे उपचाराचे द्रव्य समजणे चुकीचे आहे.

इंडॉलांच्या बाबतीत वेगळा मार्ग उघड झाला. जठरातील अम्लात इंडॉल-३-कार्बिनॉलपासून बनणारी द्रव्ये ‘एएचआर’ या ग्राहीला (रासायनिक निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) जुळतात, हे १९९१ मध्ये कळले होते. २०१८ मध्ये लंडन येथील फ्रॅन्सिस क्रिक संस्थेत ब्रिगिटा स्टॉकिंगर व सहकाऱ्यांनी उंदरांत असे दाखविले की, हा ग्राही आतड्यातील मूलकोशिकांच्या डब्ल्यूएनटी संकेतनाला लगाम घालणाऱ्या प्रथिनांची निर्मिती टिकवितो. ग्राही नसलेल्या उंदरांत शोथानंतर अर्बुदे अधिक झाली. ग्राही शाबूत असलेल्या उंदरांत आहारातील इंडॉल-३-कार्बिनॉल उपकारक ठरले. येथे वनस्पतिज संयुग कर्ककोशिकेला मारीत नाही, तर निरोगी श्लेष्मकलेची दैनंदिन शिस्त राखते. संशोधनाच्या दृष्टिकोनातील हा महत्त्वाचा बदल होय. मात्र माणसात याची सिद्धी व्हावयाची आहे.

मानवी चाचण्या व निराशा : कर्क्युमिनापूर्वीच इतर घटकांच्या मोठ्या चाचण्यांनी सावधगिरीचा इशारा दिला होता. भाज्या व फळे खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, याचे श्रेय १९८०च्या दशकात बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्याला दिले जात होते. १९९४ मध्ये फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. १९९६ मध्ये अमेरिकेतील दुसरी चाचणी अशाच कारणाने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. १९९४ मध्येच बृहदांत्राच्या ग्रंथ्यर्बुदांबाबत ८६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन तसेच क व ई जीवनसत्त्वे निष्प्रभ ठरली. २००० मध्ये अमेरिकेतील दोन चाचण्यांत, एकीत अल्पमेद व भाज्या-फळे-तंतुयुक्त आहार, तर दुसरीत गव्हाचा कोंडा, यांमुळे ग्रंथ्यर्बुदांची पुनरुत्पत्ती थांबली नाही. हिरव्या चहाच्या अर्काने जपानमध्ये २००८ साली १३६ रुग्णांच्या चाचणीत ही पुनरुत्पत्ती ३१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली होती. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील मोठ्या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५·७ टक्के, तर अर्क घेणाऱ्यांत ५१·१ टक्के होते व हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता.

अपयशाची कारणे : या विसंगतीची काही कारणे आता स्पष्ट झाली आहेत. (१) काचपात्रात मूळ संयुग थेट कोशिकेवर पडते; शरीरात यकृत, आतड्याचे अस्तर व सूक्ष्मजंतू त्याचे रूपांतर करतात. (२) अधिक मात्रा म्हणजे अधिक गुण असे नसते. २०१५ मध्ये लेस्टर येथील प्रयोगांत मेदयुक्त आहारावरील उंदरांत रेझ्‌व्हेराट्रॉलची अल्प मात्रा तिच्या २०० पट मात्रेपेक्षा अधिक प्रभावी ठरली. (३) काही संयुगे अनेक प्रथिनांना अविशिष्टपणे चिकटतात किंवा परीक्षेच्या रसायनांतच ढवळाढवळ करतात. कर्क्युमिनाच्या बाबतीत हा आक्षेप २०१७ मध्ये औषधिरसायनज्ञांनी सविस्तर मांडला. (४) ग्रंथ्यर्बुदापासून कर्करोग होण्यास दहा वा अधिक वर्षे लागतात, तर चाचण्या बहुधा तीन-चार वर्षांच्या असतात. त्यामुळे निष्फळ ठरलेली चाचणी हा दीर्घकालीन आहाराविरुद्धचा संपूर्ण पुरावा नसतो. (५) या क्षेत्रातील काही बहुचर्चित शोधनिबंध आकृत्या व माहिती यांतील दोषांमुळे पुढे मागे घेण्यात आले. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळांत पुन्हा पडताळलेल्या निष्कर्षांवरच भिस्त ठेवणे आवश्यक झाले.

तंतू, सूक्ष्मजंतू व ब्यूटिरेट : बर्किट यांचा सिद्धांत २०००च्या चाचण्यांनी मागे पडल्यासारखा वाटला, परंतु तो वेगळ्या स्वरूपात पुढे आला. न पचलेल्या तंतूंचे बृहदांत्रातील सूक्ष्मजंतू किण्वन करतात (आंबवितात) व त्यातून ब्यूटिरिक अम्लाची लवणे, म्हणजे ब्यूटिरेटे, तयार होतात. श्लेष्मकलेच्या कोशिकांचे हे प्रमुख इंधन असल्याचे विल्यम रोडिगर यांनी १९८० मध्ये दाखविले. डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांत बदल घडवून ते जनुकांचे कार्यही बदलते, हे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्ञात झाले होते. यातून एक कोडे उत्पन्न झाले : ब्यूटिरेटामुळे निरोगी कोशिका पोसल्या जातात, तर कर्ककोशिकांची वाढ थांबते. २०१२ मध्ये डॅलस डॉनहो, स्कॉट बुल्टमन व सहकाऱ्यांनी त्याची उकल सुचविली. निरोगी कोशिका ब्यूटिरेट जाळून संपवितात. कर्ककोशिका मुख्यतः ग्लुकोजवर जगत असल्याने त्यांच्यात ते न जळता साठते व केंद्रकातील जनुकनियमनावर परिणाम करते.

२०१५ मध्ये स्टीफन ओकीफ व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वीस आफ्रिकी वंशाचे नागरिक व दक्षिण आफ्रिकेतील वीस ग्रामस्थ यांच्या आहारांची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. तंतुमय आहारावर आलेल्या अमेरिकनांत ब्यूटिरेटाची निर्मिती सुमारे अडीच पटींनी वाढली व श्लेष्मकलेतील शोथ आणि कोशिकाविभाजन यांच्या खुणा कमी झाल्या; मेदयुक्त मांसाहारावर गेलेल्या ग्रामस्थांत उलट बदल झाले. इतक्या अल्प काळात कर्करोग टळला असे म्हणता येत नाही. पण संकेतांत बदल घडविणारा घटक एखादे संयुग नसून संपूर्ण आहार व त्यावर जगणारे सूक्ष्मजंतू हा आहे, हे त्यातून दिसले. यूरोपातील दहा देशांच्या पाच लाखांवर व्यक्तींच्या पाहणीतही तंतूंचे सेवन अधिक असणाऱ्यांत हा कर्करोग कमी असल्याचे २००३ मध्ये आढळले होते.

मूल्यमापन : या पाऊण शतकाच्या संशोधनाचे फलित दुहेरी आहे. कोशिकेतील संकेतन मार्ग समजून घेण्यास वनस्पतिज संयुगांनी मोलाची साधने पुरविली, हे निर्विवाद आहे. आहाराविषयी मात्र निष्कर्ष मर्यादित आहेत. २०१८ मधील जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या अहवालाने अख्खी धान्ये व तंतुयुक्त अन्न बृहदांत्राच्या कर्करोगापासून बहुधा संरक्षण देतात, असा निर्वाळा दिला. तसेच मद्य, प्रक्रिया केलेले मांस व अतिरिक्त शारीरिक मेद यांचा धोका खात्रीचा मानला. कोणत्याही एका वनस्पतिज संयुगाची गोळी हा कर्करोग टाळते किंवा बरा करते, असे नियंत्रित मानवी चाचण्यांत अद्याप सिद्ध झालेले नाही. उलट अंतर्दर्शनाने (दुर्बिणीने) पाहून पुर्वंगके काढून टाकल्यास कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटते, हे १९९३ मध्येच दिसून आले आहे आणि लवकर निदान झालेला रोग शस्त्रक्रियेने बहुधा बरा होतो.

हळद, कोबी किंवा चहा यांचे आहारातील स्थान या निष्कर्षांमुळे उणे होत नाही. परंतु मलावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असलेल्या रुग्णाने मसाल्याच्या गोळ्यांवर विसंबून तपासणी लांबविल्यास रोगाला मिळणारी सवलत जीवघेणी ठरू शकते. काचपात्रातील कोशिकेने दिलेले उत्तर खरे असते. मात्र ते रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर असतेच असे नाही, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय.